एका कानाचा हिशेब

आमच्या घरी पंगतीत अक्काची जागा ठरलेली असे. तिच्या उजवीकडे भिंत आणि डावीकडे बाकीची माणसे. साठ वर्षांपूर्वी, ती आठ वर्षांची असताना तिला गालगुंड झाले. सूज आठवड्याभरात उतरली, पण उजवा कान गेला तो गेलाच. घरात ते लगेच कुणाच्या लक्षातही आले नाही. हाक मारली की ती ओ देई, पण बघे भलत्याच दिशेला. मास्तर म्हणत, मुलगी हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नसते. पुढे तिला बघायला पाहुणे आले तेव्हा आईने तिला अशा कोपऱ्यात बसवले की प्रश्न विचारणारे सगळे तिच्या डाव्या हाताला येतील. लग्न ठरले, संसार झाला. कानाची गोष्ट घरात कुणी खोटेपणा मानली नाही आणि कुणी चारचौघांत बोललेही नाही.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण गेल्या वर्षी माझ्या दवाखान्यात आलेला एक तरुण. लहानपणापासून त्याचा डावा कान पूर्ण बंद, उजवा ठणठणीत. त्याच्या हातात दोन कागद होते. एका ठिकाणी तांत्रिक पदासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीत तो कानामुळे अपात्र ठरला होता. म्हणून त्याने दिव्यांगांच्या राखीव जागेसाठी प्रयत्न केला, तर दुसऱ्या कागदावर त्याचे अपंगत्व १७ टक्के, म्हणजे राखीव जागेसाठी अपुरे, असे लिहून आले. तो मला म्हणाला, "डॉक्टर, मी बहिरा आहे की नाही, ते एकदा सांगून टाका."

वाचकहो, मी होमिओपॅथीचा डॉक्टर. मी कानाचा तज्ज्ञ नाही आणि अपंगत्वाचा दाखला देण्याचा अधिकारही मला नाही. त्या तरुणाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पण त्याचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून जुने कायदे आणि नियम काढून वाचू लागलो. एक कान गेला तर माणसाचे नेमके किती गेले? या प्रश्नाला आपल्या देशातल्या सरकारी कागदांनी दीडशेहून अधिक वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली आहेत. तीच या लेखात क्रमाने मांडतो.

आधी कानाविषयी थोडेसे. दोघांतले गुपित तिसऱ्याला कळले की आपण म्हणतो, ते षट्कर्णी झाले. म्हणजे आपल्या भाषेने माणशी दोन कान गृहीत धरले आहेत. पण दुसरा कान कशासाठी, हे तो गेल्याशिवाय कळत नाही. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय डोके मध्ये आल्यामुळे बारीक, उंच पट्टीचे स्वर पलीकडच्या कानाला क्षीण ऐकू येतात. या दोन फरकांवरून मेंदू आवाजाची दिशा ठरवतो. हे तत्त्व इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. एकच कान असला की हा फरक उरत नाही. मागून येणारी मोटार डावीकडून येते की उजवीकडून, ते समजत नाही. लग्नमंडपात, बाजारात, यंत्रमागांच्या खडखडाटात समोरचा काय बोलतो ते गोंगाटातून वेगळे काढता येत नाही. शांत खोलीत समोरासमोर मात्र असा माणूस अगदी तुमच्या-आमच्यासारखा ऐकतो. आणि कानाची तपासणी होते ती शांत खोलीतच.

आमच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियाचे दोन प्रकार सांगितले आहेत, द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय. एक शरीरातले साधन, दुसरे त्या साधनाने जाणण्याची शक्ती आणि तिचा प्रत्यक्ष वापर. पुढचा इतिहास वाचताना हा भेद मनात ठेवावा. कारण सरकारी कागदांनी बहुतेक वेळा साधन मोजले, वापर मोजला नाही.

पहिला कागद फौजदारी कायद्याचा आहे. मेकॉले यांच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा सादर केलेले दंडविधान १८६० साली मंजूर झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाले. त्याच्या ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांतला दुसरा प्रकार म्हणजे कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे आणि तिसरा म्हणजे कोणत्याही एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे. एक कान पुरे! कुणी कानशिलात मारून तुमचा एकच कान कायमचा बंद केला, तरी ती साधी मारहाण उरत नाही, जबर दुखापत ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमातही ही तरतूद तशीच आहे. म्हणजे शिक्षा देताना कायद्याने एक कान पूर्ण धरला, आणि ते सुमारे १६० वर्षे चालू आहे.

दुसरा कागद जनगणनेचा. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांच्या शिरगणतीत वेडे, आंधळे, मुके-बहिरे आणि महारोगी यांची वेगळी नोंद होत असे. आंधळा म्हणजे दोन्ही डोळ्यांनी आंधळा आणि बहिरा म्हणजे जन्मापासून मुका-बहिरा, अशीच गणना असे. मुंबईत मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा निघाली तीही याच काळात. त्या मुलांना शाळेची नितांत गरज होती, यात शंका नाही. परंतु 'बहिरा' या शब्दाबरोबर सरकारच्या आणि समाजाच्याही डोळ्यांपुढे जे चित्र बसले, ते ऐकू न येणाऱ्या आणि म्हणून बोलू न शकणाऱ्या माणसाचे. अक्कासारखी घडाघडा बोलणारी मुलगी त्या चित्रात कुठेच नव्हती.

तिसरा कागद कामगारांच्या नुकसानभरपाईचा. १९२३ च्या कायद्याला जोडलेले परिशिष्ट पुढे सुधारत गेले. त्या सुधारलेल्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरतात, दुसरा चांगला असताना एक डोळा गेला तर ४० टक्के आणि संपूर्ण बहिरेपणाला १०० टक्के. पायाच्या बोटांनाही त्या यादीत स्वतंत्र आकडे आहेत. एका कानाला मात्र ओळच नाही. यादीबाहेरची दुखापत डॉक्टरने तपासून ठरवावी अशी सोय कायद्यात आहे, पण यादीत असणे आणि यादीबाहेर असणे यांत किती अंतर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कामगारालाच विचारावे.

विसाव्या शतकात कान मोजण्याची यंत्रे आली. त्याआधी डॉक्टर कुजबुजून बघत किंवा नादकाटा वापरत. एकाच कानाचा बहिरेपणा खरा की सोंग, हे ओळखण्याच्या खास चाचण्याही निघाल्या. लोंबार यांची एक, स्टेंगर यांची दुसरी. सैन्यभरती टाळण्यासाठी किंवा भरपाई मिळवण्यासाठी एक कान बंद असल्याचे सोंग करणे सोपे, असा संशय त्यांच्या मुळाशी होता. अक्काच्या मास्तरांनी जो संशय घेतला, तो वैद्यकशास्त्रातही होता म्हणायचा.

पुढे डेसिबल हे माप रुळले आणि दोन कानांची मिळून एक टक्केवारी काढायची वेळ आली. अमेरिकेत १९५९ साली डोळे आणि कान-नाक-घसा यांच्या तज्ज्ञांच्या अकादमीने एक रीत ठरवली. चांगल्या कानाला पाच भाग वजन आणि खराब कानाला एक भाग. कामगारांची भरपाई ठरवण्यासाठी ती फार चालली. आता कारखान्याच्या आवाजाने कान जातात तेव्हा दोन्ही बहुधा बरोबरीने जातात. दोन्ही सारखेच गेले असतील तर पाचास एक धरा की एकास एक, उत्तर तेच येते. ज्याचा एकच कान गेला आहे त्याला मात्र हेच सूत्र सगळ्यात महाग पडते. माझ्या मते या प्रश्नाची गाठ इथे आहे. गिरणीतल्या दोन्ही कानांसाठी सोयीचे असलेले माप गालगुंडाने गेलेल्या एका कानाला लावले गेले.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर या क्षेत्रात मोलाचे काम झाले. म्हैसूरला १९६५ मध्ये वाचा आणि श्रवण यांची अखिल भारतीय संस्था निघाली. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये राष्ट्रीय श्रवण संस्था उभी राहिली. तिला नाव मिळाले अली यावर जंग यांचे. हैदराबादच्या वाचकांना ते आपल्या गावचे म्हणून आणि महाराष्ट्राच्या वाचकांना राज्यपाल म्हणून ठाऊक असतील. मग आला १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा. त्याने श्रवणदोषाची व्याख्या केली ती अशी, की बोलण्याच्या पट्टीतल्या स्वरांसाठी 'चांगल्या' कानात ६० डेसिबल किंवा जास्त घट हवी. दोहोंतला जो कान बरा, तोच मोजायचा. त्यामुळे एक कान शाबूत असलेला माणूस व्याख्येतून आपोआप बाहेर पडला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुष्कळ दारे उघडली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे २१ प्रकार मानले गेले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण ३ वरून ४ टक्के झाले. कानाच्या बाबतीत मात्र शब्द आणखी पक्के झाले. 'दोन्ही कानांत' ७० डेसिबल घट असेल तो बधिर आणि 'दोन्ही कानांत' ६० ते ७० असेल त्याला कमी ऐकू येते, असे परिशिष्टात लिहिले आहे. ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत टक्केवारी काढण्याची रीत दिली. तीच पाचास एकाची.

तुम्हीच करून बघा. बंद कान १०० टक्के, चांगला कान शून्य. शून्य गुणिले पाच, अधिक शंभर, भागिले सहा. उत्तर १६.६७. त्या तरुणाच्या कागदावरचे १७ इथून आले होते. कुणा डॉक्टरने त्याच्यावर अन्याय केला नव्हता. त्यांनी नियमाप्रमाणे गणित केले होते. राखीव जागेसाठी लागतात ४० टक्के. या सूत्राने चाळिसावर पोचायचे तर त्याच्या चांगल्या कानाचेही २८ टक्के जायला हवेत. एक डोळा गेलेल्याला २००१ च्या सूचनांत ३० टक्के मिळत. तेही चाळिसाच्या आतच, पण निदान कानाच्या जवळजवळ दुप्पट. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या, पण कायद्याच्या परिशिष्टातले 'दोन्ही कान' हे शब्द कायम आहेत.

आता त्याच्या पहिल्या कागदाकडे वळू. केंद्रीय सेवांच्या वैद्यकीय तपासणीच्या नियमांत कानाचे एक कोष्टक आहे. त्याची पहिलीच ओळ एका कानाच्या ठार बहिरेपणाची आहे. दुसरा कान चांगला असेल तर असा उमेदवार बिगरतांत्रिक कामासाठी, तेही अटीसह, पात्र. म्हणजे तांत्रिक पदाचे दार बंद. सैन्यभरतीत तर दोन्ही कान नीट लागतातच. आमच्या बेळगावात मराठा रेजिमेंटचे केंद्र असल्याने भरतीच्या मैदानावरून परतलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

सगळे कागद शेजारी ठेवले की काय दिसते? मारणाऱ्याला शिक्षा देताना एक कान मोजला जातो. नोकरी नाकारताना एक कान मोजला जातो. आधार द्यायची वेळ आली की मात्र सरकार म्हणते, दुसरा आहे ना!

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आरक्षण आहे एकच टक्का. उद्या एका कानाच्या माणसांना त्यात घेतले, तर दोन्ही कानांनी बहिऱ्या मुलाची जागा कोण घेईल? मुलाखतीत सहज बोलणारा, फोन उचलणारा एका कानाचाच उमेदवार घेतला जाईल. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्याच्या ताटातला घास काढून आपल्या पानात घ्यावा, असे मी म्हणणार नाही, आणि अक्काही म्हणणार नाही. म्हणून आरक्षणासाठी ४० टक्क्यांची रेषा राहो. माझी तक्रार वेगळी आहे. राखीव जागेसाठी आखलेली रेषा 'तुम्हाला काही अडचणच नाही' असे सांगण्यासाठी वापरली जाते. वर्गात पुढचा बाक, परीक्षेतली तोंडी सूचना लेखी मिळणे, कचेरीत गोंगाटापासून दूर मेज, सभेत बाजू बदलून बसण्याची मुभा, यांना आरक्षण लागत नाही आणि कुणाच्या ताटातलेही काही जात नाही.

या सोयींची गरज कल्पनेतली नाही. पूर्वी डॉक्टर आईबापांना सांगत, एक कान आहे, काळजी करू नका. १९८० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांनी अशा मुलांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मुले कधी ना कधी एखाद्या इयत्तेत मागे राहिलेली आढळली. आपल्यासारख्या सीमेवरच्या किंवा परप्रांतात रुजलेल्या घरांनी याचा जास्त विचार करावा. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी ऐकतात. परक्या भाषेतला अर्धवट ऐकलेला शब्द मनाने पुरा करता येत नाही. एका कानाच्या मुलाला हा भार दुप्पट होतो आणि प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'लक्ष देत नाही'.

अलीकडे वारा थोडा फिरला आहे. २०२१ हे वर्ष त्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे सार असे, की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांपुरती आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या आकड्यावर अवलंबून नाही. तो खटला लिहिताना हाताला येणाऱ्या पेटक्याचा होता, कानाचा नव्हता, पण त्यातले तत्त्व कानालाही लागू पडते असे मला वाटते. कारण कायद्याची मूळ व्याख्याच तशी आहे. दीर्घकाळचा दोष आणि समाजातले अडथळे मिळून ज्याच्या सहभागात अडसर येतो, ती दिव्यांग व्यक्ती. तिथे टक्के लिहिलेले नाहीत. लगेच मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रवणाविषयीचा अहवाल काढला. १९९१ पासून ती चांगल्या कानावरूनच श्रेणी ठरवत असे. या अहवालात प्रथमच 'एका बाजूची श्रवणहानी' अशी वेगळी श्रेणी आली. चांगला कान २० डेसिबलच्या आत आणि खराब कानात ३५ किंवा त्याहून अधिक घट, अशी तिची खूण आहे.

दूरच्या ब्राझीलमध्ये तर पुरे वर्तुळ फिरले. तिथे २००४ च्या हुकमाने 'दोन्ही कान' हीच अट घातली. २०१५ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने एका कानाचा बहिरा राखीव जागेस पात्र नाही असे ठरवले. पुढे संसदेने उलट विधेयक मंजूर केले, राष्ट्राध्यक्षांनी ते नाकारले, संसदेने तो नकार फेटाळला आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका बाजूचा संपूर्ण बहिरेपणा कायद्याने अपंगत्व मानला गेला. आपण तितके पुढे जावे की नाही, यावर मतभेद होतील. व्याख्या माणसे करतात आणि माणसे ती बदलूही शकतात, एवढे मात्र त्यावरून दिसते.

तो तरुण पुन्हा आला तेव्हा मी त्याला सांगितले, "तुझा एक कान बहिरा आहे, हे खरे. तो १७ टक्क्यांचा कागद फाडू नकोस. त्यावर जागा मिळणार नाही, पण सोय मागण्यासाठी तो पुरावा आहे. साहेबांना लेखी अर्ज दे आणि काय हवे ते नेमके लिही." त्याने तसे केले. सध्या तो एका खाजगी कचेरीत आहे आणि त्याचे मेज भिंतीच्या डावीकडच्या कोपऱ्यात, बंद कान भिंतीकडे करून, लावून दिले आहे.

वाचकहो, डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. एखाद्याचा कान अचानक, एक-दोन दिवसांत बंद पडला, तर मळ असेल म्हणून वाट पाहू नका आणि माझ्याकडेही येऊ नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, उशीर झाला तर उपचाराचा उपयोग घटत जातो. दुसरी गोष्ट लहान मुलांची. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नाही. ती बालरोगतज्ज्ञाला विचारून टोचून घ्यावी. आणि हाक मारल्यावर मूल भलतीकडे बघत असेल, तर त्याला रागावण्याआधी दोन्ही कान वेगवेगळे तपासून घ्यावेत.

अक्का आता सत्तरीच्या आसपास आहे. गेल्या दिवाळीला तिची नात सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आजीच्या डाव्या बाजूला बसा रे, उजवा कान बंद आहे तिचा." साठ वर्षांत आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने बोलले गेले. अक्का हसली आणि सरकून बसली.